अंतर द्यावे वेलींना

दिवाळीचा फराळ करताना आपल्याला द्राक्षांची आठवण होण्याचे काही कारण नसते. द्राक्षे बाजारात दिसू लागतात ती संक्रांतीच्या आसपास, आणि खऱ्या गोडीला येतात ती महाशिवरात्रीच्या सुमारास. पण नाशिककडच्या निफाड-दिंडोरीत किंवा सांगलीजवळच्या तासगावात एखाद्या बागायतदाराच्या घरी याच चार दिवसांत जाऊन पाहावे. ओसरीवर आकाशकंदील लागलेला असतो, आत करंज्या तळल्या जात असतात, आणि घरचा कर्ता पुरुष मात्र अभ्यंगस्नानाच्याही आधी हातात बॅटरी घेऊन बागेत गेलेला असतो. तेथे तो एकेक पान उलटून त्याची खालची बाजू पाहत हिंडतो. खाली पांढरी लव दिसली नाही म्हणजे त्याची दिवाळी! दिसली, तर त्या घरात फटाके वाजले काय नि न वाजले काय, सारखेच.

याचे कारण असे की, द्राक्षाच्या वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलमध्ये होते ती खरड छाटणी. तिच्यानंतर फुटलेल्या काड्यांत पुढच्या पिकाचा घड सूक्ष्मरूपाने तयार होतो. दुसरी फळछाटणी, ती बहुतेक ठिकाणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात. या छाटणीनंतर आठ-दहा दिवसांनी डोळे फुटतात. बागायतदार त्याला ‘पोंगा’ म्हणतात. मग घड बाहेर पडतो, त्याचा ‘दोडा’ होतो आणि पाच-सहा आठवड्यांत फुलोरा येतो. नेमके याच दिवसांत पान कोवळे, घड कोवळा, रात्री थंड, पहाटे दव, आणि परतीच्या पावसाचा काही नेम नाही. आपली दिवाळी आणि वेलीचा नाजूक काळ एकाच पंधरवड्यात येतात ते असे.

मी महाविद्यालयात मराठी शिकवते. शेतीशी माझा संबंध आजोळापुरता. निफाड तालुक्यात माझ्या मामांची द्राक्षबाग आहे. आता ती मामेभाऊ पाहतो. सुटीत तेथे गेले की माझे काम म्हणजे मांडवाखाली खुर्ची टाकून उत्तरपत्रिका तपासणे. परंतु कानावर पडणारे शब्द मला स्वस्थ बसू देत नाहीत. केवडा, भुरी, करपा, फेलफूट, बगलफूट, ओलांडा, विरळणी... आमच्या भाषाशास्त्राच्या तासाला पुरून उरेल एवढा हा शब्दसंग्रह! आणि या सर्व शब्दांत माझ्या मनात घर करून बसला तो एक अगदी साधा, तुमच्या-माझ्या रोजच्या बोलण्यातला शब्द : ‘अंतर’.

पाण्याचा मित्र, सावलीचा मित्र

दोन वेलींमध्ये अंतर किती ठेवावे, हा प्रश्न वरवर पाहता जमिनीच्या मोजमापाचा वाटतो. प्रत्यक्षात तो रोगाचा प्रश्न आहे. तो नीट समजण्यासाठी आधी या रोगांचे स्वभाव समजून घ्यायला हवेत.

केवडा हा त्यांतला सर्वांत धास्तीचा. पान पिवळट पडले की त्याला केवड्याची उपमा द्यायची ही आपल्या शेतकऱ्याची जुनी रीत; बाजरीवरही केवडा पडतो. द्राक्षावरील केवड्याला आपण सरसकट बुरशी म्हणतो. शास्त्रज्ञ मात्र तिला खऱ्या बुरशीत धरत नाहीत. तिचे नाते शेवाळाच्या कुळाशी अधिक जवळचे आहे. म्हणूनच की काय, तिला पाण्याचे विलक्षण प्रेम. पानाच्या वरच्या बाजूस आधी तेलकट पिवळा डाग दिसतो. रात्री हवा दमट असली की त्याच डागाच्या खाली पांढरी लव उगवते. त्या लवेवरचे सूक्ष्म कोष वाऱ्याने उडतात आणि दुसऱ्या एखाद्या ओल्या पानावर जाऊन पडतात. तेथे कोष फुटतो आणि त्यातून बारीक शेपट्यांचे जीव बाहेर पडून पाण्याच्या त्या पातळ थरात चक्क पोहू लागतात! पोहत पोहत ते पानाच्या श्वासरंध्रापाशी जातात आणि तेथून आत शिरतात. हवा सोयीची असली तर या सगळ्या नाटकाला काही तास पुरतात. त्या अवधीत पान वाळले, तर नाटकाचा पडदा तेथेच पडतो.

भुरीचा स्वभाव याच्या उलट. ती खरी बुरशी. पानावर, मण्यावर कोणी राख भुरभुरवावी तशी ती दिसते. साचलेले पाणी तिला मानवत नाही, रखरखीत ऊन तर मुळीच नाही. तिला हवी असते सावली, थोडा दमटपणा आणि कोंदट हवा.

आता गंमत पाहा. केवड्याला पाणी हवे, भुरीला सावली हवी. पण वेलींची दाटी झाली की दोघांचीही सोय एकाच ठिकाणी होते. पानावर पान चढले की आतले दव लवकर सुकत नाही, म्हणजे केवड्याची चंगळ. तेथे ऊन पोचत नाही, म्हणजे भुरीची चंगळ. आणि बागायतदार जे औषध फवारतो ते वरच्या पानांवरच अडते. आतला घड कोरडाच राहतो. परस्परांचे तोंड न पाहणारे दोन भाडेकरू एकाच वाड्यात सुखाने नांदावेत, तशातला हा प्रकार.

चोरांच्या धाकातून निघालेले औषध

केवड्याचे मूळ घर अमेरिका. युरोपात तो आला त्याची कथा मोठी बोधप्रद आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समधील द्राक्षबागांच्या मुळांना फिलॉक्सेरा नावाची कीड लागली आणि बागाच्या बागा वाळू लागल्या. अमेरिकन वेलींची मुळे या किडीला दाद देत नाहीत असे आढळल्यावर फ्रेंचांनी तिकडून वेली आणून त्यांच्यावर आपली कलमे बांधली. ही युक्ती साधली. पण पाहुण्यांबरोबर त्यांचे आजारही आले. १८७८ साली फ्रान्समध्ये केवडा दिसला, आणि थोड्याच वर्षांत तो देशभर पसरला.

बोर्दो येथे मिलार्दे नावाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. १८८२ च्या ऑक्टोबरात मेदॉक भागातील सँ-ज्युलियाँ येथून जात असता त्यांना एक चमत्कारिक गोष्ट दिसली. आतल्या वेलींची पाने गळून गेलेली, पण रस्त्याकडेच्या ओळी हिरव्यागार! पानांवर निळसर-पांढरे डाग होते. चौकशी करता कळले की, वाटसरू जाता-येता द्राक्षे तोडतात म्हणून बागवानांनी कडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना यांचे मिश्रण शिंपडले होते. विष समजून लोकांनी हात लावू नये एवढाच हेतू. मिलार्दे यांनी हा धागा सोडला नाही. रसायनशास्त्रज्ञ गेयाँ यांच्या साहाय्याने प्रयोग करून त्यांनी १८८५ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेच ते बोर्डो मिश्रण. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि तेवढाच चुना, हे त्याचे प्रमाण आज आमच्या आजोळच्या शाळकरी पोरालाही तोंडपाठ आहे.

येथे एक शंका माझ्या मनात आली, ती वाचकांच्याही मनात येईल. याच मेदॉकमध्ये वेली लावतात त्या एकेक मीटरवर. हेक्टरी दहा हजार, म्हणजे एकरी सुमारे चार हजार वेली. आपल्या नाशिककडे हल्ली रूढ असलेले अंतर म्हणजे दोन ओळींत नऊ फूट आणि दोन वेलींत पाच फूट. एकरी ९६८ वेली. दाटीने रोग वाढत असेल, तर मेदॉकचे द्राक्ष केव्हाच नामशेष व्हायला हवे होते!

मी हा प्रश्न मामेभावाला विचारला. तो कृषी पदविकाधारक आहे आणि मला ‘ताई’ म्हणत असला तरी या विषयात माझा गुरू आहे. तो म्हणाला, “ताई, रोपातलं अंतर निराळं आन् पानातलं अंतर निराळं. तिकडची वेल कमरेएवढी ठेवतात. तिकडं हिवाळ्यात ती झोपती. आपली वेल बारा महिने जागी. तिला मोकळं सोडलं तर ती आपला वाढतच राहणार.”

त्याच्या या दोन वाक्यांत सारे मर्म आहे. मेदॉकची जमीन रेताड-खडकाळ, हवा थंड. तेथे वेलीचा जोर बेताचा. शिवाय तिला कुंपणासारखी कातरून अरुंद ठेवतात, त्यामुळे वारा आरपार जातो. आपल्याकडे ऊन भरपूर, वेलीला विश्रांती नाही, खताला आणि पाण्याला कमी नाही. अशी जोमदार वेल जवळजवळ लावली की तिचे हात शेजारणीच्या हातांत अडकलेच. तेव्हा अंतर फुटांत मोजायचे असले, तरी ते ठरवायचे असते वेलीच्या अंगच्या जोरावरून.

तीन प्रकारचे अंतर

बागेत हिंडता हिंडता मला असे दिसून आले की, बागायतदार एक नव्हे, तीन प्रकारची अंतरे सांभाळत असतो.

पहिले अंतर वेलीवेलींतले. ते लागवडीच्या दिवशी ठरते आणि पुढची पंधरा-वीस वर्षे छातीवर बसते. येथे मोह पडतो तो बेरजेचा. जमीन महाग, मांडवाचा खर्च ठरलेला. तेवढ्याच जागेत चार वेली जास्त बसल्या तर पीक जास्त, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण एकरावर पडणारे ऊन काही वेलींच्या संख्येबरोबर वाढत नाही. पानाला मिळालेल्या उन्हावर घड पोसला जातो. एका पानातून पलीकडे जाणारा उपयोगी प्रकाश शेकडा दहाहूनही कमी असतो. मग त्याच्या खालच्या, आणि त्याच्याही खालच्या पानाने खायचे काय? ते पान घराला कमावून काही देत नाही, उलट रोगाला ओटी-ओसरी मोकळी करून देते. ऑस्ट्रेलियाचे रिचर्ड स्मार्ट यांनी ‘सनलाइट इनटू वाइन’ या १९९१ च्या पुस्तकात याच पानांच्या थरांचा सविस्तर विचार केला आहे.

दुसरे अंतर काडीकाडीतले. छाटणीनंतर एकेका ओलांड्यावर नको इतके फुटवे येतात. ज्यांना घड नाही ती फेलफूट काढून टाकायची, पानाच्या बेचक्यातली बगलफूट खुडायची, शेंडा मारायचा, आणि घडाला पोसायला पुरेशी पाने काडीवर ठेवून बाकीचा पसारा आवरायचा. लागवडीचे अंतर उत्तम असले आणि हे काम आठवडाभर मागे पडले, तर नऊ बाय पाचची बाग सहा बाय तीनसारखी गच्च होते. घडाजवळची पाने विरळ केल्याने काय साधते, हे कॅलिफोर्निया विद्यापीठातील गब्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० नंतरच्या दशकात दाखवून दिले. तेथे त्रास होता करड्या बुरशीने होणाऱ्या घडकुजीचा. घडाभोवतीची थोडी पाने काढल्याबरोबर वारा खेळू लागला आणि कूज घटली.

वेलीचा हा जोर आवरण्यासाठी आपल्याकडे रसायनांचाही आधार घेतात. त्यांपैकीच क्लोरमेक्वाटचे अंश २०१० साली युरोपला गेलेल्या आपल्या द्राक्षांत सापडले आणि निर्यातदारांची मोठी कोंडी झाली. जे काम अंतराने आणि कात्रीने व्हायचे, ते बाटलीवर सोपवले की केव्हातरी बाटलीचा हिशेब द्यावा लागतो.

तिसरे अंतर मण्यामण्यांतले. हे सर्वांत नाजूक. घडात मणी बसले की त्यांतले कितीतरी काढून टाकावे लागतात. न काढल्यास वाढताना ते एकमेकांना चेपतात, फुटतात, आणि एका कुजक्या मण्याने सारा घड नासतो. हे विरळणीचे काम करायला पेठ-सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या येतात. त्यांत बाया अधिक. मान वर करून दिवसदिवस मांडवाखाली उभ्या असतात, आणि कात्री अशी चालवतात की राहिलेल्या मण्याला धक्का लागू नये. आपल्या बशीतला घड मोकळा, टपोरा आणि देखणा दिसतो, त्यामागे या बायांच्या अवघडलेल्या माना आहेत हे आपण विसरू नये.

२०१९ ची दिवाळी

आता या अंतराची जी किंमत आमच्या आजोळी मोजावी लागली, ती सांगते.

मामांनी २००४ साली लावलेली बाग आठ बाय चारवर होती; एकरी १३६१ वेली. नऊ बाय पाचपेक्षा जवळजवळ चारशे जास्त. त्या चारशे वेलींचा मामांना अभिमान होता. सुरुवातीची वर्षे त्यांचे गणित खरेही ठरले, कारण कोवळ्या वेली मांडव लवकर भरून काढतात. पुढे वेली थोराड झाल्या. २०१६ साली मामा गेले. मामेभावाने नंतर शेजारच्या तुकड्यात नवी बाग लावली ती नऊ बाय पाचवर.

२०१९ साली परतीचा पाऊस ऑक्टोबर संपून नोव्हेंबर उजाडला तरी हटला नाही. त्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरअखेर होती. लक्ष्मीपूजनाला पणत्या वाऱ्यापावसाने विझत होत्या आणि भाऊ चिखलात रुतलेला ट्रॅक्टर काढत होता. फवारावे तर तासाभरात धुऊन जाई. महाराष्ट्रातल्या हजारो द्राक्ष बागायतदारांवर तेव्हा हीच पाळी आली. आमच्या जुन्या बागेतले घड फुलोऱ्याआधीच काळे पडून गळाले. हाती जवळपास काही राहिले नाही. नव्या बागेतले निम्मे वाचले. दोन्ही बागांच्या छाटणीत चार दिवसांचा फरक होता, तेव्हा सगळे श्रेय अंतराला देता येणार नाही, हे भाऊच मला बजावून सांगतो. आणि अशा संततधारेत नऊ बाय पाच काय, वीस बाय वीससुद्धा बाग कोरडी ठेवू शकत नाही. परंतु पाऊस उघडल्यावर नव्या बागेतली पाने सकाळी नऊपर्यंत सुकत, जुनीतली बारा वाजले तरी टिपकत असत. हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते, आणि ते तो विसरू शकेना.

त्याने ठरवले : जुन्या बागेतली एकाआड एक वेल काढायची. राहिलेल्या वेलींचे ओलांडे लांबवून मोकळी जागा भरायची. म्हणजे एकरी ६८० वेली. हे म्हणायला सोपे. एक-दोन हंगाम उत्पन्न निम्म्यावर येणार. बँकेचे हप्ते चालूच. थोरली मुलगी नुकतीच नाशिकला कॉलेजात गेलेली. त्यातच २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि वाचलेली द्राक्षेही मातीमोल गेली. विचार वर्षभर लांबणीवर पडला.

पण खरा अडसर पैशाचा नव्हताच. तो मामींचा होता. त्या म्हणाल्या, “त्यांनी लेकरागत वाढवल्या ह्या वेली. त्यातल्या निम्म्यांना आता अंतर देतोस व्हय रे?”

मराठीत ‘अंतर देणे’ म्हणजे टाकून देणे, सोडून देणे. मामींनी तो अर्थ घेतला होता. भाऊ थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “आई, आजवर अंतर दिलं न्हाई, म्हनून तर ही वेळ आली. राहतील त्यांना तरी नीट अंतर देऊ दे.”

एकाच शब्दाचे दोन अर्थ असे समोरासमोर उभे राहिलेले मी कोणत्याही कोशात पाहिले नव्हते. तिसरा अर्थ मामींच्या डोळ्यांत होता. ‘अंतर’ म्हणजे काळीजही.

२०२१ च्या एप्रिलमध्ये खरड छाटणीच्या वेळी वेली काढल्या. मामी त्या दिवशी बागेकडे फिरकल्या नाहीत. संध्याकाळी मात्र त्यांनी काढलेल्या खोडांतले एक मागून घेतले आणि परसात तुळशीशेजारी उभे करून ठेवले.

त्याच वर्षी डिसेंबरच्या पहिल्या दिवसांत पुन्हा अवकाळी पाऊस झाला. घड कमी होते, पण जे होते त्यांतले बरेच टिकले. पुढच्या दोन हंगामांत मांडव पुन्हा भरला. फवारण्या काही थांबलेल्या नाहीत. द्राक्षाला त्या थांबत नसतात. परंतु पूर्वी एक फवारणी पावसात चुकली की घरात कोणी झोपत नसे, तसे आता होत नाही, एवढे भाऊ मान्य करतो.

शहरातल्या घरासाठी

हे सारे वाचून, ‘आमची द्राक्षबाग नाही, आम्हाला काय त्याचे?’ असे कोणी गृहिणी म्हणेल. तिच्यासाठी दोन गोष्टी.

द्राक्षे घेताना मण्यावर जी पातळ, एकसारखी पांढुरकी झाक दिसते, ती औषधाची नव्हे आणि भुरीचीही नव्हे. ती मण्याची स्वतःची मेणासारखी साय असते. ताजेपणाची ती खूण. फळ धुऊनच खावे, पण त्या सायीला घाबरू नये. गच्च चेपलेल्या घडापेक्षा मोकळा घड घ्यावा. आत कुजलेला मणी लपण्याची शक्यता कमी.

दुसरे, गॅलरीतल्या कुंड्यांबद्दल. हौसेने आणलेल्या गुलाबाच्या पानांवर पांढरी भुकटी पडली की आपण आधी औषधाचे दुकान गाठतो. त्याआधी कुंड्यांमध्ये वीतभर जास्त जागा सोडून पाहावे, आतल्या दाट फांद्या कापाव्यात, आणि झाड जेथे सकाळचे ऊन येते तेथे सरकवावे. पाणी सकाळी, बुंध्याशी घालावे. आजारी पाने कुंडीतच गळू न देता उचलून टाकावीत. याने दर वेळी औषध टळेलच असे नाही, पण कमी नक्कीच लागेल.

आणि यंदा दिवाळीत पहाटे दव पडलेले दिसले, तर निफाड-तासगावकडच्या त्या घरांची क्षणभर आठवण करावी. तेथे कोणीतरी पान उलटून पाहत असेल. त्याला ते पान कोरडे मिळो!